सोलचे आवाज: एकच गाणं, दोन गळे

खर्जवाला

सोल संगीतात, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या चर्चमधून आलेल्या गाण्यात, सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, हा वाद इथे अधूनमधून निघतो आणि दर वेळी ‘अरीथा फ्रँकलिन विरुद्ध बाकी सगळे’ असा होऊन बंद पडतो. म्हणून या धाग्याला एक अट घालतोय. आवडत्या नावांच्या याद्या टाकायच्या नाहीत. एकच गाणं दोघा-तिघांनी गायलेलं असेल, तरच तुलना. साहित्याची कमतरता नाही, कारण साठच्या दशकात ही मंडळी एकमेकांची गाणी बिनदिक्कत गायची. मूळ रेकॉर्ड दुकानात असतानाच दुसऱ्याची यायची.

सुरुवात ‘रिस्पेक्ट’पासून, कारण ते टाळलं तरी कुणीतरी काढणारच.

गाणं ओटिस रेडिंगचं. लिहिलंही त्यानेच, १९६५ साली मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीसाठी. दिवसभर राबून घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागतोय, एवढाच मजकूर. ओटिस ते धापा टाकत म्हणतो. आवाज घोगरा, शब्दाचं शेपूट तोडून टाकणारा, मागे ब्रासवाले सतत ढोसताहेत. ऐकायला झकास, पण अडीच मिनिटांहून कमी वेळात गाडी आली तशी निघून जाते.

१४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कला अरीथा फ्रँकलिनने तेच गाणं रेकॉर्ड केलं. शीर्षकातली अक्षरं सुटी करून म्हणण्याची कल्पना तिची. ती ओटिसकडे नाहीच. कॅरोलिन आणि अर्मा या तिच्या दोन बहिणी मागे कोरसला. ओटिसच्या गाण्यात मधला वेगळा भाग नव्हता, तो इथे घातला: किंग कर्टिसचा सॅक्सोफोन, आणि त्याच्याखालचे कॉर्ड सॅम अँड डेव्ह या जोडीच्या एका गाण्यावरून उचललेले. पुरुषाची तक्रार बाईच्या तोंडी गेली आणि तिची अट झाली. जूनमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच जूनमध्ये माँटेरीच्या महोत्सवात ओटिसने हे गाणं म्हणण्याआधी लोकांना हसत सांगितलं की एका मुलीने हे माझ्याकडून पळवलंय. निकाल गाण्याच्या मालकानेच दिला, आपण काय बोलणार.

दुसरं, ‘अ चेंज इज गॉना कम’. सॅम कुकचं. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका हॉटेलाने त्याला आणि त्याच्या माणसांना खोली नाकारली, त्याने आरडाओरडा केला म्हणून पोलिसांनी अटक केली. बॉब डिलनचं ‘ब्लोइंग इन द विंड’ त्याच्या डोक्यात आधीपासून होतंच; असं गाणं एका गोऱ्या पोराने लिहावं आणि आपण लिहू नये, हे त्याला लागलं होतं. ३० जानेवारी १९६४ ला रेकॉर्डिंग झालं. रेने हॉलने व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, मोठे टिंपनी असा थाट मांडला. त्या सगळ्यावर सॅमचा आवाज स्वच्छ, कुठेही न फाटणारा. ११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजलिसच्या एका मोटेलात गोळी लागून तो गेला, वय ३३. गाणं सिंगल म्हणून बाजारात आलं ते त्यानंतर.

ओटिसने वर्षभरात ते गायलं, अरीथाने १९६७ मध्ये. ओटिस रडवेला होतो. ऐकताना वाटतं की याला सॅम गेल्याचं दुःख आहे, गाण्यातलं दुःख त्याच्या मागे राहतं. अरीथा सुरुवातीला स्वतःच्या दोन ओळी जोडते, एका जुन्या मित्राने सांगितलेली गोष्ट म्हणून. मग पियानोवर सावकाश वर चढते. अप्रतिम आहे. तरी माझ्या मते सॅमच्या जवळपास दोघंही जात नाहीत. या गाण्याला तक्रारीचा सूर लागला की ते लहान होतं, आणि सॅम एकदाही तक्रार करत नाही.

तिसरं, ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’. १९३२ चं जुनं गाणं, बिंग क्रॉस्बी वगैरे गोऱ्या गायकांचं. सॅमने १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात एका मेडलीत ते जरासं म्हटलं, गुळगुळीत. ओटिसने १९६६ मध्ये घेतलं आणि पार उलटं केलं. आरंभी जवळजवळ बोलतोय, मागे ड्रमच्या कडेवर काडीची टकटक, आणि शेवटाला गाणं असं पेटतं की शब्दच उरत नाहीत, नुसते हुंकार.

तर तिघांना एकेक. आता माझं मत: तिघांत ओटिसचा गळा सगळ्यात तोकडा. पट्टी लहान, फिरत नाही, वरचे स्वर ओरबाडून काढलेले. आणि तरीही मी सगळ्यात जास्त त्यालाच ऐकतो. ज्याच्याकडे गळा कमी तो लयीवर किती मिळवतो, हे बघायचं असेल तर ओटिस. या, भांडा.

रिकामटेकडा

जागा धरली. पॉपकॉर्न आणायला गेलोय.

मिशन_कंपाउंड

खर्जवाले, अट चांगली आहे पण एक पळवाट राहिली. एकाच गायकाची एकाच गाण्यावरची दोन रूपं चालतील का? कारण सॅम कुकची खरी तुलना सॅम कुकशीच होते.

जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात तो गायला. श्रोते सगळे काळे, साथीला किंग कर्टिसचा ताफा. आरसीए कंपनीने रेकॉर्डिंग केलं आणि दडपून ठेवलं, फार रांगडं वाटलं म्हणून. ते बाहेर आलं १९८५ ला. तुम्ही म्हणता तो कोपाकबानाचा गुळगुळीत सॅम १९६४ चा, समोर गोरे, कोटटायवाले. दोन्हीकडे ‘यू सेंड मी’ आहे. कोपाला ते अत्तर लावून आलंय. मायामीला तो गाणं सुरू करण्याआधीच इतका वेळ लोकांना डिवचतो, त्यांच्याकडून ओरडून घेतो, की ती नुसती प्रार्थनासभा आहे. ‘कुठेही न फाटणारा’ आवाज म्हणालात ना? मायामीला मस्त फाटतो. त्याला फाडता येत होता, कुठे फाडायचा हे तो ठरवत होता.

आम्ही लहानपणी नगरला चर्चच्या गायकवृंदात होतो (ना. वा. टिळकांची भजनं, पेटी, तबला, सगळा देशी मामला), त्यामुळे या लोकांच्या मुळाशी जायची मला खोड आहे. सॅम एकोणिसाव्या वर्षी सोल स्टिरर्स या गॉस्पेल (म्हणजे चर्चची भक्तिगीतं गाणाऱ्या) गटात आला तो आर. एच. हॅरिसच्या जागी. हॅरिस म्हणजे त्या जगातला बाप माणूस. त्या काळचे गॉस्पेलवाले, ‘फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपी’चा आर्ची ब्राउनली वगैरे, किंचाळून सभा उठवायचे. पोरगेला सॅम त्यांच्यापुढे ओरडण्यात टिकणं कठीण. मग त्याने ती तरंगणारी हरकत काढली, ‘वो-ओ-ओ-ओ’ अशी, स्वरावरून घरंगळत खाली येणारी. पुढे पॉपमध्ये गेल्यावर तीच त्याची सही झाली.

तसंच अल ग्रीनचं. त्याचा तो वरचा पातळ आवाज ऐकला की आधी स्वान सिल्व्हरटोन्स या गॉस्पेल गटाच्या क्लॉड जीटरला ऐका. टेम्प्टेशन्स या गायकगटाचा एडी केंड्रिक्सही त्याच शाळेचा. सोलचे अर्धे आवाज रविवारी सकाळी तयार झालेले आहेत, शनिवारी रात्री फक्त खपले.

खर्जवाला

मिशनकाका, पळवाट मंजूर. मायामीची रेकॉर्ड मी मुद्दाम वर आणली नाही, कारण ती आणली की सॅमच सगळीकडे जिंकतो आणि धागा तिथेच संपतो :)

फटकळ_आजोबा

सगळं वाचलं. तूनळीवर तिन्ही गाणी ऐकलीही. मला एक सांगा, यात गाणं किती आणि ओरडणं किती? तो ओटिस शेवटी शेवटी काय करतो, त्याला गाणं म्हणायचं? अरीथाबाईंचा गळा तयार आहे, नाकारत नाही. पण प्रत्येक ओळीला हरकत घेतलीच पाहिजे का? आणि तिच्यामुळे पुढच्या तीन पिढ्या बिघडल्या. आजकालच्या टीव्हीवरच्या स्पर्धांत पोरं एका अक्षरावर सतरा स्वर घेतात, ते पाप कुणाचं?

कोरसमधली

आजोबा, अरीथा ऐका आणि मग त्या स्पर्धेतली पोरं ऐका. तिची हरकत शब्दाच्या पोटात असते, यांची शब्द संपल्यावर लावलेली. ‘आय से अ लिटल प्रेयर’ घ्या, म्हणजे खर्जवाल्यांची अटही पाळली जाईल. डिओन वॉरविकचं १९६७ चं, अरीथाचं १९६८ चं. डिओनचं नेटकं, चटपटीत, बर्ट बॅकरॅकच्या अवघड मात्रा ती सहज पार करते. अरीथाच्या रेकॉर्डवर मुखडा आला की ती बऱ्याचदा गप्पच बसते! मुखडा म्हणतात मागच्या बायका, ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’. अरीथा मधल्या फटींत दोन शब्द टाकते. इतका मोठा गळा असलेली बाई मुखडा दुसऱ्यांना देऊन टाकते, याला हरकतींचा हव्यास कसं म्हणणार? त्या गटाची प्रमुख सिसी ह्यूस्टन, म्हणजे डिओनची मावशी. एकाच घरातून दोन्हीकडे रसद.

मी स्वतः कोरसमध्ये गाते म्हणून हा मुद्दा जरा ताणते. या धाग्यावर सगळे पुढच्याच माणसाबद्दल बोलताहेत. शाहिराच्या मागे झीलकरी नसले तर पोवाड्याचं काय होईल? सोलमध्ये तेच आहे. ग्लॅडिस नाइटचं ‘मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया’ (१९७३) ऐका. जिम वेदरलीने ते मुळात विमानाचं आणि ह्यूस्टन शहराचं गाणं लिहिलं होतं. सिसी ह्यूस्टननेच ते आगगाडी आणि जॉर्जियावर नेलं आणि ग्लॅडिसच्या आधी गायलं. सिसीचं छान आहे, पण एकटीचं आहे. ग्लॅडिसच्या मागे पिप्स आहेत. ती गोष्ट सांगते, ते तिघं पुरुष शेजाऱ्यांसारखे होकार भरतात, टोमणा मारतात, गाडीची शिट्टी वाजवतात. शेवटच्या मिनिटात तर ती आणि ते यांत गाणं कोण म्हणतंय हेच कळेनासं होतं. ग्लॅडिसचा आवाज अरीथाइतका उंच जात नाही. पण तिच्याइतकं ऐकून घेणारं त्या काळात कुणी नव्हतं.

ढोलकीपटू

कोरसताईंना अनुमोदन, आणि त्याच वाटेने पुढे. आवाजाची तुलना करताना पट्टी कुणी ठरवली हे बघत नाही आपण.

‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’. ग्लॅडिसचं १९६७ ला आलं, धावतं, टाळ्या पडणारं. पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मार्विन गेचं १९६८ ला आलं आणि सात आठवडे पहिलं राहिलं. सगळ्यांना वाटतं मार्विनने ग्लॅडिसचं गाणं घेतलं. उलट आहे. मार्विनचं रेकॉर्डिंग आधीचं, १९६७ च्या वसंतातलं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा, डेट्रॉइटच्या मोटाऊनचा, मालक बेरी गॉर्डी याला ते सिंगल म्हणून पसंत नव्हतं, म्हणून पडून राहिलं. निर्माता नॉर्मन व्हिटफील्डने मग तेच गाणं ग्लॅडिसकडून वेगळ्या चालीने करून घेतलं. मार्विनचं नंतर एका अल्बममध्ये भरतीला घातलं, आणि रेडिओवाल्यांनी तेच उचललं.

आता पट्टी. व्हिटफील्डने मार्विनला त्याच्या सोयीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावलं. मार्विन भांडला, पण गायला. त्या गाण्यातला जो संशयाने पिळवटलेला आवाज आपण ‘मार्विनची भावना’ म्हणून वाखाणतो, त्यात अर्धा वाटा अडचणीच्या पट्टीचा आहे. फोर टॉप्सच्या लीव्हाय स्टब्जचंही तेच. गडी मूळचा भारदस्त बॅरिटोन, म्हणजे खालच्या आवाजाचा. हॉलंड-डोझियर-हॉलंड या तिकडीने त्याच्यासाठी गाणी मुद्दाम वर लिहिली, म्हणजे त्याला ताणावं लागेल. ‘रीच आउट आय’ल बी देअर’ (१९६६) मध्ये तो गात नाही, हाका मारतो. सोयीच्या पट्टीत गायला असता तर कुणी वळून पाहिलं नसतं.

म्हणजे तुलना गळ्यांची करायची की गळ्याला कोंडीत पकडणाऱ्या निर्मात्यांची?

आणि खर्जवाले, ‘टेंडरनेस’मधली ती ‘काडीची टकटक’ म्हणजे अल जॅक्सन. नाव घ्या त्याचं! तो गाणं जवळजवळ दोन मिनिटं दाबून धरतो म्हणून ओटिसला पेटता येतं. तोच जॅक्सन पुढे अल ग्रीनच्या ‘लेट्स स्टे टुगेदर’वर आहे, ते गाणं लिहिण्यातही त्याचा वाटा आहे. एकच ड्रमवाला, दोन उलट्या जातीचे गायक. माझ्या मते सोलच्या दोन मोठ्या आवाजांतला समान धागा तो आहे.

रिकामटेकडा

ढोलकीपटू आले की प्रत्येक धागा ड्रमचा होतो. (वाचतोय, थांबू नका.)

सायली_डेट्रॉइट

मोटाऊनचा विषय निघाला म्हणून लिहिते. मोटाऊनच्या जुन्या घरापासून आम्ही गाडीने जवळच राहतो, पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं हे माझ्याकडे असतं. २६४८, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड. बाहेरून साधं दुमजली घर. बेरी गॉर्डीने घरच्यांच्या भिशीसारख्या फंडातून ८०० डॉलर कर्ज घेऊन १९५९ ला कंपनी काढली ती ही. स्टुडिओ ए म्हणजे मागचं फोटोग्राफरचं गॅरेज. छताला एक भोक आहे, वरच्या पोटमाळ्यावर आवाज नेऊन घुमवायला. त्याखाली उभं राहून टाळी वाजवायला लावतात, पाहुणे खूश. एवढ्याशा जागेत जेम्स जेमरसनचा बास आणि वर टेम्प्टेशन्सचे पाच जण! सगळं एकमेकांच्या माइकमध्ये सांडत असणार.

आणि अरीथा याच गावची. जन्म मेम्फिसचा, पण वाढली डेट्रॉइटला. वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे, त्यांच्या प्रवचनांच्या रेकॉर्डी देशभर खपायच्या. स्मोकी रॉबिन्सन लहानपणापासून त्या घरातला. सॅम कुक तिथे येऊन गेलेला. तरी अरीथा मोटाऊनमध्ये गेली नाही, १९६० ला न्यूयॉर्कच्या कोलंबियाकडे गेली. मला नेहमी वाटतं, बरं झालं. मोटाऊनने तिला तीन मिनिटांत बसवली असती.

मार्विनबद्दल एक. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) मध्ये तो स्वतःशीच दोन आवाजांत गातो ना, तो योगायोग आहे. मुख्य गाणं दोन वेळा गायलं होतं, त्यातलं कोणतं ठेवायचं हे ठरवायला त्याने दोन्ही मागितली. ध्वनिमुद्रक केन सँड्सकडून दोन्ही एकदम लागली. मार्विनला ते आवडलं, आणि पुढे त्याने कायमची तीच पद्धत केली. मग तुमच्या ‘एक गाणं, दोन गळे’मध्ये हे कुठे बसवायचं?

खर्जवाला

सायलीताई, बसतं की! ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ डॉनी हॅथवेने गायलंय. लॉस एंजलिसच्या ट्रुबडूर क्लबात, १९७२ च्या ‘लाइव्ह’ अल्बमचं पहिलंच गाणं. मार्विन थरांवर थर चढवतो, गर्दीतून ऐकू येणाऱ्या आवाजासारखा तरंगतो. डॉनीकडे एकच गळा आणि इलेक्ट्रिक पियानो. आवाज जाड, गोल, जमिनीवर पाय रोवलेला. मार्विन विचारतो आहे असं वाटतं, डॉनीला उत्तर माहीत असावं असं वाटतं. गळा म्हणून मला डॉनी सरस वाटतो. शिकलेला संगीतकार, हॉवर्ड विद्यापीठात गेलेला, आणि लहानपणी आजीबरोबर गॉस्पेल गायलेला. दोन्ही त्याच्यात दिसतात. त्याच अल्बमवर ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’ सुरू होतं आणि लोकच गायला लागतात, तो नुसती पियानोवर साथ देतो.

कोलंबियाचा विषय निघालाच आहे तर अवांतर: अरीथाला तिथे आणणारा जॉन हॅमंड. पुढे आपल्या मुंबईच्या आशा पुथलींना ऐकून त्यांच्यासाठी शब्द टाकणाराही तोच. त्यातून ऑर्नेट कोलमनच्या १९७१ च्या ‘सायन्स फिक्शन’वर त्यांची दोन गाणी आली. हॅमंडचे कान भारी. पण अरीथाचं काय करायचं हे त्याच्या कंपनीला कळलं नाही. पाच-सहा वर्षं तिच्याकडून जुनी जॅझची गाणी, व्हायोलिनं, असलं काहीबाही. वाईट गायली नाही, पण ती कोण हे त्यात दिसत नाही. १९६७ च्या जानेवारीत अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरने तिला अलाबामातल्या मसल शोल्सला नेलं, पियानोवर बसवलं, आणि ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन’ एका दिवसात झालं. साथीदार सगळे तिथले गोरे पोरगे. त्याच रात्री दारू, भांडण, अरीथा न्यूयॉर्कला परत. एक गाणं पूर्ण आणि एक अर्धवट घेऊन. उरलेला अल्बम न्यूयॉर्कला, त्याच पोरांना तिकडे बोलावून.

फटकळ_आजोबा

कोरसमधली बाईंनी सांगितलेलं प्रेयरचं गाणं ऐकलं. बरं आहे. मुखडा सोडण्याचा मुद्दा पटला. ओटिसबद्दल मत तेच.

तुमच्यापैकी कुणी या लोकांत हळू गाणारा एखादा सांगेल काय?

मिशन_कंपाउंड

आजोबा, अल ग्रीन. तुमच्यासाठीच जन्माला आलाय. सुरुवातीला तोही विल्सन पिकेट, ओटिस यांच्यासारखा गर्जायचा. मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्सचा विली मिचेल त्याच्या मागे लागला की आवाज खाली घे, हळू, अजून हळू. ‘लेट्स स्टे टुगेदर’वरून दोघांची बरीच वादावादी झाली.

अटीत बसणारं हवं तर ‘हाऊ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’. मूळ बी जीज यांचं, १९७१ चं, नीटस आणि जरा रडकं. अल ग्रीनने १९७२ ला ते सहा मिनिटांहून लांबवलं. चाल मोडून टाकली, शब्द अर्धवट सोडले, कधी कानात बोलल्यासारखं, कधी नुसता श्वास. कुठेही आवाज चढत नाही. मागे हॉजेस भावंडांचा ऑर्गन, गिटार, बास. शांत गाणाऱ्यात याच्यावर कुणी नाही. पुढे १९७६ ला त्याने मेम्फिसमध्ये स्वतःचं चर्च घेतलं आणि पाळक झाला. रविवारचा आवाज रविवारी परत गेला.

मिलिंदनगर

वाचनमात्र होतो, १९७२ हे साल इतक्यांदा आलं म्हणून लिहितो. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव थेट अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. आमच्या आधीच्या पिढीने काळ्यांच्या कविता, आत्मचरित्रं शोधून वाचली, त्यावर मराठीत लिहिलं, वसतिगृहात रात्र रात्र चर्चा केल्या. पण माझ्या वडिलांच्या मित्रमंडळात एकानेही सॅम कुक किंवा कर्टिस मेफील्ड ऐकलेला नव्हता. पुस्तकं आली, रेकॉर्डी आल्या नाहीत. ज्यांना ‘अ चेंज इज गॉना कम’ सगळ्यात आधी कळलं असतं त्यांच्यापर्यंतच ते पोचलं नाही. मला ते तूनळीवर सापडलं, वडिलांना ऐकवलं. त्यांना व्हायोलिनं जास्त झाली असं वाटलं. अरीथाचं आवडलं.

कर्टिसचं नाव अजून कुणी का घेत नाही? पातळ, वरचा, जवळजवळ बायकी आवाज, आणि त्या आवाजात ‘पीपल गेट रेडी’ (१९६५). चळवळीची गाणी छाती काढूनच म्हणावी लागतात हा समज त्याने मोडला. ऑगस्ट १९९० मध्ये ब्रुकलिनला उघड्यावरच्या कार्यक्रमात दिव्यांचा सांगाडा अंगावर पडून तो मानेखाली लुळा झाला. १९९६ चा ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ त्याने आडवं पडून गायला, कारण तसंच फुप्फुसात पुरेशी हवा राहायची. एका वेळी एकच ओळ. दमसास वगैरे शब्द आपण फार सहज वापरतो.

कोरसमधली

मिलिंदनगर, लिहीत जा हो. वाचनमात्र राहू नका.

तुमच्या वडिलांना अरीथाचं का आवडलं ते मला कळतं. तिच्यात पियानो आणि ती, मध्ये कुणी नाही. त्यांना १९७२ चंच ‘अमेझिंग ग्रेस’ दाखवा. लॉस एंजलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री, जेम्स क्लीव्हलंड आणि त्यांचा गायकवृंद. सिडनी पोलॅकने चित्रण केलं, पण क्लॅपरची पाटी लावलीच नाही, त्यामुळे आवाज आणि चित्र जुळेना. सिनेमा पडद्यावर यायला २०१८ उजाडलं, अरीथा गेल्यानंतर. त्यात ती पियानोवर गात असताना वडील उठून रुमालाने तिच्या तोंडावरचा घाम पुसतात. क्लेरा वॉर्ड, जिला ऐकून ती गायला लागली, ती पुढच्या रांगेत बसलीये. खर्जवाल्यांच्या अटीत नाही बसत, माहीत आहे.

पडद्यामागचा

नेहमीचेच यशस्वी चेहरे झाले सगळे. जेम्स कार कुणाला आठवतो का? ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’. डॅन पेन आणि चिप्स मोमन या दोन गोऱ्यांनी लिहिलं, कारने मेम्फिसच्या गोल्डवॅक्स या छोट्या कंपनीसाठी गायलं, १९६७ च्या सुमारास गाजलं. चोरून भेटणाऱ्या दोघांचं गाणं. नंतर अनेकांनी म्हटलं, अरीथाने १९७० मध्ये. अरीथा ते गाणं खुलं करते, शेवटी मोकळी सुटते. इथे मला ती साफ चुकीची वाटते. लपून भेटणारी माणसं अशी गात नाहीत. कार ओळ सुरू करतो आणि कुणी ऐकेल म्हणून आवाज मागे खेचतो. पकडले जाणार हे त्याला माहीत आहे. मानसिक आजाराने त्याला पुढे धड गाता आलं नाही, रेकॉर्डी थोड्याच. पण या एका गाण्यावर तो अरीथा, सॅम, ओटिस तिघांच्या रांगेत बसतो. माझ्या यादीत पुढेच.

सायली_डेट्रॉइट

अरीथाच्या त्याच अल्बमवर ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ आहे ना? आधी तिलाच देऊ केलं होतं, तिने नको म्हटलं, मग डस्टी स्प्रिंगफील्डने गायलं आणि गाजवलं. मग अरीथाने. प्रवचनकाराच्या खऱ्या मुलीपेक्षा लंडनची गोरी बाई तिथे बाजी मारते, हे मला अजून पचलेलं नाही. पण मारते.

ढोलकीपटू

मारतेच. डस्टी कमी गाते म्हणून. त्या ‘डस्टी इन मेम्फिस’ अल्बमचा तिचा आवाज शेवटी न्यूयॉर्कला रेकॉर्ड झाला, कारण मेम्फिसच्या खोलीत याच थोरामोठ्यांच्या दडपणाने तिचा गळा बंद झाला होता. नावात मेम्फिस, आवाज न्यूयॉर्कचा.

खर्जवाला

पडद्यामागचे, कारबद्दल शंभर टक्के. अरीथा त्या गाण्यात हरते आणि तिथे कळतं की मोठा गळा अडथळाही ठरतो. ओटिसला तो अडथळा नव्हता, हेच तर मी वर म्हणत होतो. ‘डॉक ऑफ द बे’ ऐका. १९६७ च्या शरदात घशाची शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे आवाज बंद, आणि त्यानंतर डिसेंबरच्या सुरुवातीला संपवलेलं हे गाणं. त्यात एकही ओरड नाही, आजोबा! शेवटी शीळ आहे. १० डिसेंबरला विस्कॉन्सिनच्या मोनोना तळ्यात विमान पडलं, वय २६. त्याचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं ते, मेल्यावर.

पुढची जोडी टाकतो: ‘वॉक ऑन बाय’. डिओन वॉरविक, १९६४, तीन मिनिटांच्या आत. आयझॅक हेझ, १९६९, बारा मिनिटं. कोण?

फटकळ_आजोबा

शिळेचं गाणं ऐकलं. हे चालेल. बारा मिनिटांचं ऐकणार नाही.

कोरसमधली

डिओन. हेझ प्रेमभंगाचा सोहळा करतो. डिओन रस्त्यात समोर आलेल्या माणसाला पुढे जा म्हणते, आणि डोळे पुसायला तिला वेळच नाही.

ढोलकीपटू

हेझ. पण हेझसाठी नाही. त्या रेकॉर्डवर त्याचा आवाज यायलाच बराच वेळ लागतो, तोवर वाजवताहेत ते बार-केज. ओटिसच्या विमानात याच गटाची बहुतेक पोरं गेली. ट्रम्पेटवाला बेन कॉली त्या अपघातातून एकटा वाचला, बासवाला जेम्स अलेक्झांडर त्या विमानात नव्हता. त्या दोघांनी नवीन पोरं जमवून गट पुन्हा उभा केला. त्यानंतर दीड वर्षाने हे वाजवलंय. त्यातला बास ऐका आणि मग मत द्या.